पाच पावटे

"पोराला इथं झोळीत ठेवा, आणि तुमचं नाव मला सांगू नका," भिकाजीकाका म्हणाले.

मी नाव सांगायला तोंड उघडलंच होतं. ते तसंच मिटलं.

पाणंद रेडिओच्या पडवीत दोन खांबांना जुन्या साडीची झोळी बांधली होती आणि तिची दोरी काकांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला होती. काका वीजमंडळातून निवृत्त झालेले. स्टेशनची सगळी यंत्रं त्यांच्या हवाली. मांडीवर उघडलेला रेडिओ, हातात कसलीशी तार, आणि पाय आपला चालूच. माझ्या आधीच्या बाईची मुलगी नुकतीच त्या झोळीतून उठून गेली होती. साडी अजून उबदार होती.

"रडला तर?" मी विचारलं.

"रडू द्या. इथं सगळीच कधी ना कधी रडलीत," म्हणत त्यांनी एक चिठ्ठी पुढं केली. तिच्यावर मोठा चार लिहिला होता. "आता तुम्ही चार नंबर. घरी जाईपर्यंत तेवढंच."

माझा गुंड्या तेव्हा आठ महिन्यांचा होता. त्याला झोळीत ठेवताना मी दोनदा मागं रस्त्याकडं वळून पाहिलं. घरी खोटं बोलून आले होते, म्हणून.

तीन आठवड्यांपूर्वी आमच्या खडकेवस्तीच्या अंगणवाडीत लसीचा दिवस होता. पोरं टोचून घेऊन बोंबलत होती, आया त्यांना थोपटत होत्या, आणि त्या गोंधळात एक बाई दप्तराएवढं यंत्र घेऊन आल्या. तांबोळी मॅडम. वडजीच्या या पाणंद रेडिओच्या प्रमुख. म्हणाल्या, निवेदकाची एक जागा भरायची आहे, आणि ज्यांना कधी कुणी विचारत नाही त्यांना विचारत मी गावोगाव हिंडतेय.

शिकलेली पाहिजे का, असं कुणीतरी विचारलं. मॅडम म्हणाल्या, वाचता आलं पाहिजे. वयाचं काय? कंठ फुटलेला असावा, बास. लग्न झालेली चालेल का?

"झालेली चालेल, न झालेली चालेल. नवऱ्यानं सोडलेली चालेल, नवऱ्याला सोडलेली पण चालेल," मॅडम म्हणाल्या, आणि टोचलेली पोरंसुद्धा दचकतील एवढ्या मोठ्यानं बायका हसल्या.

मग त्यांनी एकेकीपुढं माइक धरला. बहुतेकींनी पदरात तोंड लपवलं. मी मात्र, का कोण जाणे, आमच्या विहिरीवरच्या मोटारीचं आणि वीज जाण्याचं कसं वैर आहे ते सांगितलं. मॅडमनी ते लगेच ऐकवलं. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकायची माझी ती पहिलीच वेळ. तो मला कुणा दुसरीचा वाटला, आणि आवडला.

"या परीक्षेला," त्या म्हणाल्या. "नाव, गाव, आडनाव कुणाला कळणार नाही. मध्ये वाकळ टांगणार आहोत."

त्याचं कारणही त्यांनी तिथंच सांगितलं. पहिला निवेदक निवडताना खुर्च्यांवर पाच मोठी माणसं बसली होती. येईल त्याला त्यांचा पहिला प्रश्न, तू कुणाचा? आमच्या भागात पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी हाच प्रश्न विचारतात. त्याच्या उत्तरात गल्ली कळते, जात कळते, पाणी कुठल्या विहिरीचं तेही कळतं. "एकदा ते कळलं की त्यांना आवाजच ऐकू येईना," मॅडम म्हणाल्या. "आता श्रोतेच निवडतील. पाच गावांचे पाच, चिठ्ठ्या टाकून काढलेले."

मी घरी आले ती तरंगत. आणि आत्यांच्या समोर येऊन जमिनीवर आले.

सासूला आमच्याकडं आत्या म्हणतात. माझ्या आत्यांचं नाव गयाबाई ढोबळे. चुलीशेजारच्या खिळ्याला त्यांचा रेडिओ टांगलेला असायचा आणि तांबडं फुटायच्या आत तो सुरू व्हायचा. त्या रेडिओ ऐकत नसत, त्याच्याशी भांडत. तेव्हाची निवेदिका फार भरभर बोलायची. आत्या जोंधळा निवडता निवडता तिला म्हणायच्या, "का गं बाई, तव्यावर भाकरी करपाय लागलीय व्हय?" शेतीचा सल्ला लागला की त्यातल्या तज्ज्ञाला म्हणायच्या, "कदी चिखलात पाय घातलायस का?"

मी सहज बोलल्यासारखं करून म्हटलं, की रेडिओत बाया घेणार आहेत म्हणे.

"घेऊ द्यात," आत्या म्हणाल्या. "जिच्या घरी लेकरू न्हाई ती जाईल. लेकरू असलेलीनं ते कुणाच्या गळ्यात बांधायचं? सासूच्या? सासूचे गुडगे काय सरकारी हायत?"

विषय संपला. यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, सांगितलं. ते दुधाच्या टँकरवर असायचे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माझं काय न्हाई. फक्त आईला तू सांग." एवढा मोठा टँकर घाटातून उतरवणारा माणूस, पण आईपुढं त्याचाही ब्रेक लागायचा.

मी सांगितलं नाही. परीक्षा सोमवारी होती, वडजीच्या बाजाराच्या दिवशी. सकाळी मी म्हणाले, गुंड्याचा एक डोस राहिलाय, दवाखान्यात जाऊन येते. आत्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पटकन नजर काढून घेतली. म्हणाल्या, मलाही बाजारात जायचंय, बांगड्या फुटल्यात, पण तू पुढं हो, माझं आवरायचंय. मला तर हायसंच वाटलं. त्यांनी पेटीतलं ठेवणीतलं इरकली लुगडं काढलं होतं, आणि बांगड्या भरायला कुणी इरकली नेसत नाही, हे त्या घाईत माझ्या डोक्यातच आलं नाही.

"चार नंबर," आतून हाक आली.

लांबट खोली. मधोमध दोरीवर टांगलेली भलीमोठी वाकळ, शंभर जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेली. अलीकडं एक टेबल, माइक आणि तांबोळी मॅडम. पलीकडं पाच श्रोते. ते दिसत नव्हते, खोकताना तेवढे ऐकू येत होते. पद्धत मॅडमनी सगळ्या उमेदवारांना आधीच समजावली होती. दर उमेदवारामागं प्रत्येक श्रोत्याला पाच दाणे. आवडेल तेवढे त्या नंबरच्या तांब्यात टाकायचे, नकोत ते टोपलीत परत. पाच जणांना पाच धान्यं: हरभरा, तूर, चवळी, मूग आणि पावटा. म्हणजे कुणी काय टाकलं ते मागाहून तपासता येतं. आणि आवाज ओळखीचा वाटला तर श्रोत्यानं हात वर करायचा, त्याचे दाणे धरायचे नाहीत.

आधी सूचना वाचायची होती. शेळी हरवल्याची. करडी शेळी, उजवा कान फाटका, गळ्यात निळी दोरी, रामोशीवाडीच्या ओढ्यापासून बेपत्ता. कागदावर एवढंच होतं. मी ते वाचलं, पण वाचून थांबवेना. म्हटलं, "कुणाच्या दारात आली असेल तर बांधून ठेवा. आणि तिला पाणी दाखवा, दोन दिवसांची हिंडतेय ती."

वाकळीमागून एक म्हातारा हसला. मॅडमनी कागदावर काहीतरी खूण केली. मला जरा धीर आला.

मग विनाकागद दोन मिनिटं बोलायचं. विषयाच्या चिठ्ठ्या डब्यात होत्या. मी एक काढली. "आज सकाळी उठल्यापासून काय केलंत?"

सोपं वाटलं. पाणी तापवलं, भाकरी थापल्या, गुंड्याला न्हाऊ घातलं, साबण डोळ्यांत गेल्यावर त्यानं कसं मलाच गुन्हेगार धरलं, हे सांगत होते, आणि बाहेर पडवीत तो जागा झाला.

त्याचं रडणं एकदम सुरू होत नसे. आधी लांबून ट्रॅक्टर यावा तशी घरघर, आणि मग एकाएकी सगळं आभाळ डोक्यावर. भिकाजीकाकांनी दोरी जोरात ओढली असावी, कारण खांब कुरकुरला. काही उपयोग झाला नाही. मी माइकपाशी उभी, पान्हा दाटून आलेला, आणि तोंडातलं वाक्य अर्ध्यावर.

तेवढ्यात वाकळीपलीकडून जिभेचा आवाज आला. टक्, टक्. आणि मग, "हम्मा आली रं, हम्मा आली."

पडवीतलं रडणं बटन बंद करावं तसं थांबलं.

पलीकडं सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, बाळालाबी कळतं बाई तुमचं. मी मात्र आवाज ओळखला. जिभेची ती दोन टक्टक् आणि ती हम्मा जगात एकाच बाईची होती. माझा गुंड्या आणखी कुणासाठी असा गप्प झालाच नसता.

मॅडमनी घड्याळाकडं बोट केलं. दीड मिनिट शिल्लक होतं.

काय करावं? माइक सोडून पळाले असते तर जागा गेलीच होती. तशीच बोलत राहिले असते, तर घरी गेल्यावर डोसाच्या गोष्टीचं काय? आणि मुख्य म्हणजे आता पलीकडं हात वर होणार होता. मी थांबले. रेडिओवर असं थांबणं म्हणजे काय, ते मला पुढं कळलं. तिथं तीन सेकंदसुद्धा विहिरीएवढे खोल असतात.

हात वर झाल्याचं कुणी काही बोललं नाही.

मग मी म्हणाले, "आणि आज सकाळी मी खोटं बोलले."

मॅडमनी कागदावरून मान वर केली.

"घरात एक बाई आहेत. त्यांना म्हटलं, पोराला डोस द्यायचाय, आणि इथं आले. त्या रागीट आहेत म्हणून नव्हे. त्यांनी रागावून नको म्हटलं असतं तर मी आले असते. पण त्यांनी गुडघे चोळत नको म्हटलं असतं, तर मी आले नसते. म्हणून विचारलंच नाही. मला इथं फार यायचं होतं. दिवसभर घरात मी बोलते ते भाकरीशी आणि बाळाशी. दोघंही उत्तर देत नाहीत. घरातला रेडिओ ऐकताना मला वाटायचं, यांना सगळा वडजी तालुका ऐकतो, आणि हे किती घाईत असतात. मला घाई नाही. मी सावकाश सांगेन. एवढंच. आणि घरी गेल्यावर खरं सांगणार आहे."

मॅडमनी हात केला. दोन मिनिटं झाली होती. पलीकडं बांगड्या किणकिणल्या. फुटलेल्या नव्हत्या त्या, चांगल्या भरगच्च होत्या.

पुढचा तासभर मी पडवीत गुंड्याला पाजत बसले. पाच आणि सहा नंबर आत जाऊन आले. काकांनी विचारलं, कसं झालं? मी म्हटलं, परीक्षा अजून व्हायचीय. त्यांना काही ते समजलं नाही.

शेवटी सगळ्यांना आत बोलावलं. काकांनी एकेक तांब्या हातावर ओतून नुसते दाणे मोजले आणि पुन्हा भरून ठेवले. तीन नंबरचे सतरा. ती वडजीच्या कॉलेजात शिकणारी ऋतुजा, शुद्ध, खणखणीत बोलणारी, चुलत्यांबरोबर आलेली. चार नंबरचे अठरा.

चार नंबर म्हणजे मी, हे मला दोनदा सांगावं लागलं.

मग वाकळ खाली घेतली. पाच माणसं ओळीनं बसलेली, आणि त्यांतच कडेला इरकली लुगड्यात आत्या. माझ्याकडं त्यांनी अशा डोळ्यांनी पाहिलं, की मला क्षणभर वाटलं खरंच आमची ओळख नसावी.

"कुठल्या म्हणायच्या तुमी?" त्यांनी मला विचारलं. मला, तुम्ही.

"खडकेवस्तीची," मी म्हणाले.

"लांबनं आलासा," त्या म्हणाल्या.

सगळं तिथं निभावलं असतं. पण गुंड्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यानं आजीला पाहिलं, दोन्ही हात पसरले आणि माझ्या कडेवरून तिच्याकडं अशी झेप घेतली की आत्यांनी झेललं नसतं तर पडलाच असता. लगेच त्यानं सरावानं तिच्या नाकातली नथ धरली.

ऋतुजाचे चुलते जागेवरून उठले. "परक्या बाईकडं पोर असं झेपावत न्हाई, मॅडम. ह्या बाई कोण लागतात चार नंबरच्या?"

आत्यांनी नथ सोडवून घेतली.

"सून हाय माझी," त्या म्हणाल्या.

तांबोळी मॅडमचा चेहरा उतरला. तीन वर्षं खपून त्यांनी ती वाकळ टांगली होती. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "गयाबाई, आवाज ओळखीचा असला तर हात वर करायचा ठरलं होतं."

"ठरलं हुतं."

"मग?"

"तांब्या उपडा करा," आत्या म्हणाल्या. "माझे पावटे."

काकांनी चार नंबरचा तांब्या ताटात पालथा केला. मॅडम खाली वाकून धान्य वेगळं करू लागल्या. हरभरे पाच, चवळी पाच, तूर चार, मूग चार. बोटानं दोनदा चाळून पाहिलं. पावटा एकही नव्हता. मग तीन नंबरचा तांब्या ओतला. त्यात पावटे दोन.

चुलते बघत राहिले. मग त्यांनाच हसू आलं. "म्हणजे आमच्या पोरीला दोन, आणि सुनेला एक बी न्हाई?"

"घराघरांत तेच हाय बाबा," शेळीवर हसलेला म्हातारा म्हणाला, आणि सगळी खोली हसण्यात बुडाली. ऋतुजा माझ्याजवळ आली, गुंड्याचा गाल ओढला आणि चुलत्यांना म्हणाली, चला आता काका, हे बाळसुद्धा माझ्यापेक्षा मोकळं बोलतं. पुढच्या वर्षी तीही स्टेशनात आली. आजही ती माझ्या शेजारच्या टेबलावर असते.

मॅडमनी माझे हात हातात घेतले. जागा माझी झाली होती. मी हसत होते, पण ते ताट माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. चार परक्या माणसांनी अठरा दाणे दिले, आणि घरच्या माणसानं एकही नाही. म्हणजे उत्तर मिळालंच होतं. जागा मिळून करायचं काय?

परतीच्या जीपमध्ये आम्ही मागच्या बाकावर बसलो. गुंड्या आजीच्या मांडीवर झोपला. जीपनं खिंड ओलांडली. शेवटी मीच म्हणाले, "आत्या, मी खोटं बोलले."

"मी बी बोलले. फिटलं."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. तीन बाजारांपूर्वी त्या बाजारातल्या स्टेशनच्या तंबूवर भांडायला गेल्या होत्या, की तुमची बाई भरभर बोलते. मॅडमनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मग तुम्हीच निवडा सावकाश बोलणारी. चिठ्ठी टाकली आणि नेमकी त्यांचीच निघाली. घरी सांगायची लाज वाटली. रोज ज्याला शिव्या द्यायच्या, त्याच्याच घरी इरकली नेसून जायचं.

"तुम्ही मला कधी ओळखलंत? गुंड्या रडल्यावर?"

"शेळीला पाणी पाजलंस तवाच."

"मग हात का नाही वर केलात?"

आत्यांनी गुंड्याच्या कपाळावरची माशी हाकलली. "हात वर केला असता तर बाकीच्या चौघांना कळलं असतं ना, ही कुणाची. मी बसलीया शेजारी. माझं तोंड बगून त्यांनी दाणे टाकले असते, न्हाईतर माझ्यावरचा राग काढून टाकले नसते. मग ती एवढी वाकळ कशाला टांगायची?"

"आणि तुमचे पावटे?"

"मी टाकले असते तर उद्या सगळं गाव म्हणलं असतं, सासूनं लावली. आता म्हणू दे की कोण म्हणतंय ते."

जीप एका खड्ड्यात आदळली आणि वर आली. मी खिडकीकडं तोंड केलं.

"तू म्हणालीस, मी गुडगे चोळत नको म्हणले असते," थोड्या वेळानं त्या म्हणाल्या.

"हो."

"म्हणले असते."

"माहीत आहे मला."

"मग बरं केलंस." त्यांनी गुंड्याला दुसऱ्या मांडीवर घेतलं. "कदीपासून जायाचं?"

"येत्या सोमवारपासून. पण गुडघे?"

"गुडग्यांना काय धाड भरलीय," त्या म्हणाल्या. "आणि हे बग, टोपलीत न्हाई टाकले मी. स्टेशनवाल्यांचे हायत, पण आणले."

त्यांनी पदराची गाठ सोडली. तळहातावर पाच पावटे होते, घामानं थोडे ओलसर.

पहिल्या दिवशी निवेदन करून मी दुपारी घरी आले तेव्हा आत्या गुंड्याला पायांवर घेऊन बसल्या होत्या. कसं झालं, मी विचारलं. म्हणाल्या, "भाकरी करपत न्हवती. पण चूल विझल्यागत वाटत हुतं. उद्या जरा फुंक घाल." त्याच दिवशी सकाळी परसदारच्या कुंपणाकडेला त्यांनी पाच आळी केली होती.

त्या पाचांतले चार उगवले. एक उंदरानं नेला. आता सात वर्षं झाली, त्या वेलांचं बी धरत धरत सगळं कुंपण पावट्याचं झालंय. दर सालच्या परीक्षेला स्टेशनात लागणारे पावटे आमच्याच परसातून जातात. वाकळ तीच आहे, आणि आता तिच्या अलीकडच्या टेबलाशी मॅडमच्या शेजारी मी बसते.

गेल्या रविवारी आत्या परसदारात शेंगा सोलत होत्या आणि गुंड्या त्यांना मदत करण्याच्या नावाखाली कोवळे दाणे खात होता. त्याला भिकाजीकाकांनी कुठंतरी ती जुनी गोष्ट सांगितली असावी. तो एकदम म्हणाला, "आज्जी, माझ्या आईला तू शून्य दाणे दिले होतेस?"

मी दारामागं कपडे वाळत घालत होते.

आत्यांनी सोललेली शेंग सुपात टाकली आणि हनुवटीनं कुंपणाकडं दाखवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत वेल शेंगांनी वाकला होता.

"मोज की," त्या म्हणाल्या.